मागे काय ओढणार?

डुलुथचा टायरवाला आर्विड
झिजलेल्या खाचेत पेनी उभी करतो.
नाण्यावरच्या माणसाचं अख्खं कपाळ उघडं.
"संपलेत. मागे काय ओढणार?"

घोडी, मी म्हणते. एकोणतीस वर्षांची, डावा डोळा गेलेला.
ट्रेलरसकट पाच हजार पौंड.

बाहेर रस्ता सरळ सरोवराकडे उतरलेला,
कालच्या बर्फावर आजचा.
तो नव्या टायरच्या कडेवर बोट ठेवतो:
तीन शिखरं, मधे हिमाचं फूल.
"हे नसलं, तर बारमाही म्हणजे
नुसतं म्हणायला."

आकडा ऐकून मी गप्प.
चार टायरांत तशा दोन घोड्या आल्या असत्या.
त्यालाही कळलं असावं.
जॅक सरकवत एवढंच विचारतो,
"वजनात तिचा चारा धरलात?"