उरलेलं इलॅस्टिक

सस्कॅचेवान. हॉलबाहेर उणे एकतीस.
आत कॉफी, ओले बूट, हजेरीचा कागद.
दोन तासांचे दोन गुण;
सल्लागाराचा परवाना टिकवायला
मला अजून अकरा हवेत.

बाई म्हणाल्या, जूनमध्ये पुरलेलं काढा बघू.
ओरेस्ट ह्नातिशिननं पिशवीतून
पांढरी सुती चड्डी काढली,
चाळीस वर्षं नांगरलेल्या गव्हाच्या रानातली.
झटकून घालावी इतकी धड.
हॉल खो खो हसला. तोही हसला.

मग दुसरी पिशवी. कुंपणाकडेची,
जिथं बापाच्या वेळेपासून
फाळ गेलेलाच नाही.
कापड नव्हतंच. नुसतं इलॅस्टिक,
त्याला मातीचे काळे मणी.

बाई फळ्यावर लिहीत गेल्या:
बुरशी, गांडुळं, मुळांचा ओलावा.
मी उतरवून घेत गेलो.
ओरेस्टच्या खताचा हिशेब
नऊ वर्षं मीच लिहून देतो.

त्यानं काहीच लिहिलं नाही.
एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्या बाकावर,
इलॅस्टिक ताणायचा, सोडायचा.

निघताना माझ्या कोटाची बाही धरून
हळूच म्हणाला,
ते कुंपण, पोरा,
शेतात किती आत आणता येईल?