रिकाम्या जागा भरा

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन पुस्तकं
आणि लोणच्याची बरणी, आज हलवायची राहिलेली.

पहिलं सांगतं, आधी ग म भ न,
सोप्या वळणाची अक्षरं, मग काना, मग वेलांटी,
जोडाक्षरांना पावसाळ्यानंतर हात घाला.
दुसरं सांगतं, अक्षरं राहू द्यात, गोष्ट वाचा,
शब्द चेहऱ्यासारखा ओळखू येतो,
कुणी आधी नाक मोजत नाही.
तिसरं वन्संनी पाठवलंय इस्लामपूरहून,
त्या तिथं शाळेत आहेत.
रोज दहा ओळी, सुवाच्य, समास सोडून.
आतल्या पानावर पेन्सिलीनं: सुनीती, हेच धर.

मी तिन्ही वाचते. खुणा करते.
रात्री वाटतं दुसरं, सकाळी वाटतं तिसरं.

पर्णी टेबलाखाली बसून चपलेचा अंगठा उसवते.
जूनमध्ये शाळेत घातली होती.
ऑगस्टपासून सकाळी पोट दुखायचं,
रविवारी नाही.
डॉक्टरांनी पोट दाबलं, मग माझ्याकडे बघितलं.
आता शाळा म्हणजे मी,
आणि मला घंटा नाही.

तिचा ग उलटा येतो.
काठी आधी, आकडा नंतर.
पानभर ग, सगळे उद्यमनगराकडे तोंड करून.
सुकुमार तिकडूनच येतो सातला,
कोपरापर्यंत लाकडाचा भुसा.
तो पॅटर्न करतो, पंपाचे, पुलीचे.
वही उजेडात धरून म्हणाला, असू दे की.
वाळूत उलटंच उमटतंय.
ओतल्यावर बघायचं.

दुसऱ्या दिवशी खिशातून ग काढला, सागवानाचा,
तळहाताएवढा.
कारखान्यात अक्षरं हायत, पण सगळी इंग्रजी,
मराठीत कोण नाव ओतून घेत नाही, म्हणाला.
कडांना उतार दिलाय,
वाळूतून सोडवताना मोडू नये म्हणून.
पर्णीनं तो कणकेत दाबला. मग पिठात.
मग माझ्या दंडावर.
तिन्ही पुस्तकांत कणीक कुठंच नाही.

बुधवारी पान बावीस. रिकाम्या जागा भरा.
मी बाजारात ........ (जाणे)
चित्रात दोन वेण्या, हातात पिशवी.
पर्णी म्हणाली, जातो.
मी म्हटलं, जाते. मुलगी आहे ना ती?
तर ही: तू तर जातो म्हणतीस.

म्हणतो.
कपिलतीर्थ मंडईत सगळ्याजणी म्हणतात,
येतो गं, जातो गं, आलो, बसलो, दमलो बाई.
आई बावड्यातून फोन करते,
सांगते, जेवलो आत्ताच.
पुण्यात हॉस्टेलवर एकदा दार वाजवून मी म्हटलं, आलो,
तर आतून किंकाळी,
आणि पुढं वर्षभर हसू.
तेव्हापासून तीन वर्षं एकेक क्रियापद
सुट्ट्या पैशांसारखं मोजून बाहेर काढायचो.

पर्णी पेन्सिल धरून थांबलेली.
शाळेत पण असंच विचारलेलं का?
ती सागवानाच्या ग वर बोट फिरवत राहिली.
सगळी हसली, म्हणाली.
बाई पण.

मी खोडरबर उचललं, फ्रिजवर ठेवलं.
म्हटलं, पुस्तकातली मुलगी जाते. आपण जातो.
आपण पण मुलीच.
दोन्ही लिही, जागा पुरते.
पुरली नाही.
शेवटचा काना पानाबाहेर गेला, टेबलावर.

रात्री वन्संचा फोन. कुठलं धरलंस?
बघतो अजून, मी म्हणालो.
पलीकडे जरा शांतता, शाळेतल्यासारखी.
मग म्हणाल्या, बघ. पण दहा ओळी सोडू नको हां.
आणि शुद्धलेखन.
बरं, ठेवतो मग.

बरणी हलवली. तेल वर आलं होतं.
टेबलावरचा काना पुसायचा राहिला.