निळी रेघ

नगररचना विभागात मी अनुरेखक होतो, वर्ग तीन.
हाताला एकच काम:
खालच्या कागदावरची रेघ
वरच्या कागदावर जशीच्या तशी उतरवायची.

पंचगंगेची निळी रेघ मी दोनदा काढली.
पहिल्यांदा ती बापट कॅम्पाच्या अंगानं आली,
कुंभारांच्या भट्ट्या पोटात घेऊन
मागच्या उसातनं लांब गेली.
दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, जरा नदीकडं घ्या.
किती, साहेब?
त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं.
एका सेंटिमीटरला पन्नास मीटर.
नखाखाली सहा एकर मावले.

अनुसया माजगावकर अर्ज घेऊन आल्या
तेव्हा त्यांच्या पेरांत शाडूची माती वाळलेली होती.
दहा रुपयांचा स्टॅम्प, नातीच्या अक्षरात एकच ओळ:
जुना नकाशा बघायला मिळावा.
कशाला हो बाई?
"गणपतीची फळी किती फुटावर ठोकायची,
तेवढंच बघायचंय."

उत्तर मीच टाईप केलं.
सदर नकाशा अभिलेखात आढळून येत नाही.
तो माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात,
जेवणाच्या डब्याखाली, गुंडाळून पडला होता.

ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट झालं,
मग त्रेचाळीस,
मग रेडिओवरचा माणूस फूट सोडून इंच सांगायला लागला.
राधानगरीची दारं आपोआप उघडतात.
त्यांना कुणाची सही लागत नाही.

सहा एकरांतल्या नव्या इमारतीचा वॉचमन, गंगाप्पा,
रात्री तळघरात पाणी बघायला उतरला.
त्याची बॅटरी तिसऱ्या दिवशी चिखलात सापडली.
बटण दाबलं तर लागली.

पाणी उतरलं, म्हशी परतल्या.
आणि ओल वाळायच्या आत
अनुसयाबाई गेरूचा डबा घेऊन बाहेर पडल्या.
आधी स्वतःच्या भट्टीवर रेघ ओढली,
मग सलूनवर, पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या भिंतीवर.
नव्या इमारतीच्या गुळगुळीत टाइल्सवर गेरू धरेना,
तिथं दोनदा ओढली.
कुठं छातीला, कुठं कपाळाला.
मागनं पोरं तारीख घालत होती.
दिवेलागणीला अख्खी वस्ती नकाशा झाली होती.
प्रमाण: एकास एक.

सोमवारी आदेश निघाला.
भिंतींचे विद्रूपीकरण, तात्काळ पुसणे.
चुन्याच्या दोन बादल्या, एक कुंचला आणि मी.
शाळेपाशी उभा राहिलो तर
रेघ बरोबर माझ्या गळ्याला.
"या की," बाई म्हणाल्या,
"चहा घेताय, का आधी पुसून घेताय?"

खोटं कशाला बोलू, अकरा भिंती पुसल्या.
चुना वाळेल तसा गेरू वर येत गेला,
हिरडीसारखा गुलाबी.
बाराव्या भिंतीला चुना संपला, असं लिहून दिलं.
संपला नव्हता.
चहाही घेतला.

माझ्या नोकरीतलं ते तिसरं खोटं.
पहिलं नखाएवढं.
दुसरं जावक क्रमांकासकट दप्तरात आहे,
अर्ज केलात तर मिळेल.