सांधे

नकाशा टेबलापेक्षा मोठा.
चोडणच्या कोमुनिदादीत टेबल एकच,
त्यातलं अर्धं जुन्या वह्यांनी अडवलेलं.
म्हणून नऊ फोटो, तीन-तीनच्या रांगेत,
शेजाऱ्याशेजाऱ्यात चार बोटं सामाईक ठेवून.

गुंडाळून गुंडाळून कापडाला सवय लागलेली,
कोपरे उठायचे.
एकावर पंचिंग मशीन, एकावर कुलूप,
एकावर चष्म्याचा डबा,
आणि चौथ्यावर इनासियुबाबचा अंगठा,
जो सातव्या फोटोत आला आहे, नखासकट.

रात्री रायबंदरला, लॅपटॉपवर,
आधी पिवळेपणा काढला.
ट्यूबलाइटचा वेगळा, कागदाचा वेगळा;
कागदाचा थोडा ठेवला.
मग तिरपे फोटो, दूरची कड आखूड, जवळची लांब,
चारी कोपरे चिमटीत धरून ओढले
वाळत घातलेल्या लुगड्यासारखे.
भिंगाने फुगवलेले बांध आत दाबले.
मग सांधायला घेतलं.

पहिल्यांदा दोन मानशी आल्या.
पाण्याचं एकच दार, दोनदा, बोटभर अंतराने,
जणू मांडवी दोन ठिकाणांहून आत येत होती.
दुसऱ्यांदा दारं जुळली,
पण एकशे चौदानंतर थेट एकशे सोळा.
मधलं शेत शिवणीत गेलं.
बारीक अक्षर, पोर्तुगीज, शाई उडालेली:
विधवा, एवढं लागतं.
नाव पाचव्या आणि सहाव्या फोटोच्या मध्ये.
प्रोग्रामने दोन्हीकडून थोडी थोडी घेतली होती
आणि इतकी सफाईने मिसळली होती
की काही गेलंय असं वाटूही नये.
हाताने परत आणली तिला,
बांधावरून बांधावर खुणेचे ठिपके टाकत,
पहाटे चारपर्यंत.

सकाळच्या फेरीबोटीने प्रिंट नेली.
इनासियुबाबनी डब्यातून चष्मा काढला,
बाहेरच्या बांधावरून बोट फिरवलं, मधेच थांबले.
"हांगा वळसो आसलो."
भिंगाचा दोष होता, म्हटलं, काढला मी.
"ना गे बाय. भिंगाचो न्हय, उदकाचो."
एका रात्री बांध फुटला, पाण्याने खड्डा पाडला
इतका खोल की भरता येईना.
गावकारांनी त्याला वळसा देऊन नवा बांध घातला.
तिथे अजून गळाला काळुंद्रं लागतात, म्हणाले.

आता सगळी वाकडी पुन्हा तपासायची.
कुठली माझ्या कॅमेऱ्याची, कुठली भरतीची,
कुठली मोजणीदाराला उन्हात लागलेल्या डुलकीची.

अंगठा कापणार होते.
ठेवला. त्याच्याखाली काय आहे ते बघायला
नकाशा परत उघडावा लागेल,
त्याला अर्ज हवा, बाबची सही हवी,
आणि पुढचा बुधवार.