हातचे दोन

सहा इंची माणूस टेबलावर उभा.
केशरी जाकीट, कानटोपी, बुटांवर मिठाचे पांढरे डाग.
ते डाग मी टूथब्रशच्या एकाच केसाने
एकेक करून टेकवलेत.

ईरी गावात, तळघरात, फर्नेसच्या उबेला
पेन्सिल घेऊन बसलोय: याचे किती लावायचे?

धड बारा डॉलर
(जुन्या बाजारातलं; आधी ते कुणा अंतराळवीराचं होतं).
पुट्टीचे चार. रंग डबीत उरलेलाच, तरी दोन धरू.
खोका, भुसा, पोस्ट मिळून अकरा.
झाले एकोणतीस.
इथवर पाचवीतलं पोरही करेल.

मग तास.

इंजिनाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली.
भोंगा व्हायचा, कार्ड पंच व्हायचं,
शुक्रवारी पाकिटातून माझा भाव कळायचा.
पटो न पटो, ठरवणारा मी नव्हतो.
आता ठरवणारा मीच,
आणि दुसऱ्या हातात खोडरबर.

लोरेटा जिन्यातून ओरडते, "ताशी वीस तरी लाव, विन्स्लो!
नळवाला पोरगा अर्ध्या तासाचे नव्वद घेऊन गेला."
एकतीस तास, ताशी वीस.
साडेसहाशेला एक कमी.
एका बाहुल्याला?
मीच गिऱ्हाईक होऊन माझ्यासमोर बसतो
आणि घासाघीस करतो:
रंगवताना रेडिओवर मॅच ऐकत होतास, ते तास सोड.
नाक दोनदा बिघडलं, ती तुझी चूक,
तिचे पैसे त्या बाईने का भरावेत?

ती बाई बफेलोची. डेल्फीन प्रूइट.
तिचे वडील रात्रीचा बर्फ उपसायचा ट्रक चालवायचे.
पत्रासोबत तीन फोटो, तिन्हींत डावा हात खिशात.
खाली लिहिलं होतं:
"शेवटची दोन बोटं साखळीत गेली. त्यानंतर ते हात लपवायचे.
तुम्ही लपवू नका."

मी आधी पाचही बोटं केली.
नखांसकट, मन लावून.
मग दोन कापली.
सरळ कापली तर खेळणं मोडल्यासारखं दिसत होतं,
म्हणून पुन्हा केली, पुन्हा कापली,
कातडी जिथे ओढून शिवतात तिथली गाठ
भिंगाखाली सुईने वळली.
एकतिसातले नऊ तास
जे नाही ते करण्यात गेले.

आता हे बिलात कसं मांडू?
सामान तर कमीच लागलं.
शाळेत बेरीज करताना मी हातचा विसरायचो,
बाई बोटांवर पट्टी मारायच्या.
इथे हातचे दोन समोर आहेत
आणि कुठल्या रकान्यात मिळवायचे ते कळत नाही.

चारशे लिहिले.
जरा हलकं वाटलं, आणि जरा लाज वाटली.
तीन बोटांचा पंजा पुढे करून तो उभाच,
जणू मजुरी त्यालाच हवी होती.

लोरेटा खाली आली. जेवायला बोलवायलाच आली होती.
त्याच्या हाताकडे बघत राहिली,
मग माझ्या कानामागची दुसरी पेन्सिल काढून
चारशे खोडले, सहाशे वीस लिहिले,
"आणि पोस्ट वेगळं," म्हणाली. "सूप निवतंय."

ती वर गेल्यावर
मी तळाशी एक ओळ वाढवली:
बुटांवरचं मीठ, आमच्यातर्फे.