साडेआठ किलोओहम

टेबलावर दोन हमबकर.
एकाच्या पोटात सिरॅमिकचं चुंबक, चौदा किलोओहम,
तार नुसती हलली तरी जुनं भांडण उकरून काढणारा.
दुसरा अल्निकोचा, साडेआठ,
बोलण्याआधी घसा खाकरून घेणारा.

तीन आठवडे ठरत नाहीये.
दिवसभर भोसरीत बेअरिंगं तपासतो,
समोरच्याची चूक मायक्रॉनमध्ये सांगतो,
आणि रात्री ताटावर बायको म्हणते,
फ्लॅट घेतानाही एवढा वेळ नव्हता लावलास.
खरंय. फ्लॅट एका रविवारात घेतला.
फ्लॅटला आवाज नव्हता.

शेवटी गिटार पाठीला लावून
रास्ता पेठेत अल्ताफ शिकलगारकडे.
तो पंपाच्या मोटरी रिवाइंड करतो,
गिटारवाले त्याच्याकडे चुकून आल्यासारखे येतात.
जळक्या वॉर्निशचा वास,
खिळ्याला टांगलेली तांब्याची रिळं,
त्यातलं एक इतकं बारीक
की तार आहे हे बोटाला कळतं, डोळ्याला नाही.

त्यानं मीटर लावला. आकडे वाचले. मीटर ठेवला.
"हे वजन झालं. वजनावरून माणूस कळतो का?"
मग बिलाच्या पाठीवर दोन वेटोळी काढली.
एक सुलटं, एक उलटं.
एकाखाली उत्तर, दुसऱ्याखाली दक्षिण.
तार दुसऱ्यात दोनदा उलटते,
म्हणजे सुलटीच. दोघांची मिळून दुप्पट.
बाहेरची घूं चुंबकाला ओळखत नाही,
ती एकदाच उलटते,
इकडची तिकडे वजा होते, आणि शून्य.
"नवरा-बायकोसारखं," मी म्हणालो.
"आम्हा भावाभावांत शून्य तेवढं आलं," तो म्हणाला,
"दुप्पट कुठे गेलं काय माहीत."

घूं.
धनकवडीचं गॅरेज, दोन हजार एक साल,
मधल्या भिंतीपलीकडे मेमाण्यांची पिठाची गिरणी.
पाच ते आठ दळण. पाच ते आठच आमची प्रॅक्टिस,
कारण तेव्हाच मालकाची मारुती बाहेर असायची.
माझी सिंगल कॉइलची गिटार, अर्थिंग नावापुरतं.
मोटर सुरू झाली की अॅम्पमधून घूंऽऽ,
जीच्या केसभर वर.
बाजरी पडली की जाड, गव्हाला जरा पातळ,
पण जागा तीच, केसभर वर.
महिनाभर शिव्या घातल्या.
मग सॅमी रणपिसे काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला,
"ती हलत नाही ना? मग तुम्ही हला."
आम्ही गिरणीत गिटारी लावल्या.
आमची सगळी गाणी जीमध्ये आहेत.
लोकांना वाटायचं, त्यामागे काही विचार असेल.
घरी जाताना केसांत पीठ.

सॅमीचा डावा कान गेलाय आता.
वाघोलीहून फोन करतो, कुठला टाकतोयस विचारतो,
मी सांगतो,
तो फोन उजव्या कानाला नेतो
आणि पुन्हा विचारतो.

सोल्डरिंग आयर्न तापलं होतं.
"बोला. घूं पुरती घालवायची ना?"
मी साडेआठवाला पुढे सरकवला.
म्हटलं, टोनच्या बटणात एक खटका दे,
वर ओढला की एक वेटोळं झोपेल असा.
"मग घूं परत येईल."
येईल.
"म्हणजे आधी घालवायचे पैसे, मग आणायचे पैसे."
किती?
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मुकी मोटर फिरते का बघावी तसं.
"खटक्याचे साडेतीनशे."

रात्री जोडून पाहिली.
काय सांगू, स्वच्छ.
खोलीत कुणी नसल्यासारखी स्वच्छ.
खूप वेळ वाजवली तशीच.
मग खटका ओढला.

आतून लेक ओरडली, "बाबा, काहीतरी बिघडलंय!"
मी जीच्या तारेची खुंटी
केसभर
पिळली.