वीस मिनिटं

कडी गंजून दारात रुतली होती,
तिसऱ्या हातोड्याला निघाली.
आत एकोणीस वर्षं, आणि ओंडक्यांवर
बाबांची मोटारबोट. फळ्या इतक्या वाळलेल्या
की फटींतून पलीकडचं सायमा तळं दिसावं,
उभ्या कापडातून दिसतं तसं, रेघारेघांनी.
इंजिनाच्या खोक्यात कुणा जनावरानं संसार थाटलेला :
शेवाळ, पिसं,
आईच्या लाल मोज्याचा अर्धा तळवा.

दाराच्या आतून पेन्सिलीच्या तारखा,
दर वर्षी बर्फ कधी फुटला त्याच्या.
नऊ मे. दोन मे. अकरा मे, आणि पुढे लिहिलेलं : हट्टी.
शेवटची तीस एप्रिल.
खाली बरीच लाकडाची जागा.

कालेर्वो फोनवर म्हणाला, विकून टाक. किंवा जाळ.
भाऊ दूर राहिला की त्याला सगळं सोपं दिसतं.

दोन बरगड्या मोडल्या होत्या.
पन्हळीच्या पाइपात नवी लाकडं वाफवली,
साउनाच्या भट्टीवर, शनिवार सोडून.
ताइस्तो शेजारून आला, ऐंशीचा, न बोलवता.
मी आत हातोडा घेऊन,
तो बाहेर खिळ्याच्या डोक्याला लोखंड लावून,
मध्ये फळी. दोन ठोके म्हणजे पुढचा,
एक म्हणजे थांब, नाक पुसतोय.
तांब्याचे एकशे चाळीस खिळे असे बोलून झाले.

मग पाइनचं डांबर. हाताचा वास महिनाभर गेला नाही,
दुकानातली मुलगी सुटे पैसे देताना हसायची.

इंजिन सुटणार नाही असं वाटलं होतं.
तेल पाजत राहिले, आणि एका संध्याकाळी
चाक हललं, चिकटलेली पापणी उघडावी तसं.
म्हणजे करता आलं असतं. हे लिहून ठेवते.
पण त्याचा दांडा उलटा फिरला की मनगट जातं,
बाबांचं दोनदा गेलं, आणि मला बासष्ट पूर्ण.
मी विजेची मोटर घेतली. पावती डब्यात आहे.
इंजिनाच्या जागी बॅटऱ्या ठेवल्या तरी
होडीची पाठ वर वर येई,
म्हणून किनाऱ्यावरचे चार धोंडे घातले.
आवाजाचं वजन एवढं असतं, ठाऊक नव्हतं.

पाण्यात लोटली, आणि भसाभस भरली.
मी बादली उचलली. ताइस्तोनं हात धरला.
बुडू दे, म्हणाला, लाकडाला तहान लागलीय.
चार दिवस ती काठापर्यंत पाण्याखाली,
आणि मी धक्क्यावर, हे भिजत घोंगडं बघत.
मासे आत येऊन पाहणी करून गेले.
पाचव्या दिवशी उपसली.
फळ्यांनी एकमेकींना घट्ट धरलं होतं.

आई पलीकडच्या काठाला राहते. हिल्क्का, एकोणनव्वद.
पूर्वी बेटामागून डग्-डग् आली
की ती बटाटे चुलीवर ठेवायची.
होडी धक्क्याला लागेतो बटाटे शिजत.
घरात घड्याळ होतं, पण ते नुसतं भिंतीवर.

बेटाला वळसा घातला तेव्हा एवढंच ऐकू येत होतं :
पाणी, आणि एक पाणकोंबडी, जिनं मला वाटही दिली नाही.
आई पाठमोरी, मुळ्याचा वाफा खुरपत.
मी धक्क्याला दोर बांधला, वर चढले,
तिच्या सावलीवर माझी सावली पडली
तेव्हा ती दचकली.
कोण? मग, तू?
मग माझ्या मागे पाहिलं, होडीकडे, बराच वेळ.
पाणीसुद्धा ठेवलं नाही गं मी.

ठेव आता, म्हटलं.
ठेवलं तिनं. मग खुरपं हातात घेऊनच
धोंड्याशेजारच्या फळीवर येऊन बसली.
एकदा हात लावून पाहिला, जिथे इंजिन तापायचं तिथे.
थंड आहे, म्हणाली.
हो, म्हटलं.
आम्ही बसून राहिलो.
आत झाकण वाजू लागेपर्यंत.